घोडीमागचे सर

अजूनही कुठं लग्नाची वरात दिसली की सगळे नवरदेवाकडं बघतात आणि मी घोडीच्या मागं बघते. तिथं कुणीच नसतं. मला उगीच चुकल्यासारखं होतं.

मी जालन्यात शिकत होते तेव्हा जुन्या जालन्यातल्या वरातीत घोडीच्या मागं एक माणूस असायचाच. तपकिरी कोट, निळा टाय, पायात पावसाळी चपला आणि हातात लांब बांबू. बांबूच्या टोकाला तारेनं आवळलेला स्टीलचा तांब्या. सगळ्यात पुढं बँड, त्यामागं घामानं भिजून नाचणारी पोरं, मंग घोडीवर नवरदेव, मंग घोडीचं शेपूट आणि त्या शेपटावर डोळा लावून चालणारे हे सर. हे माझे गाईड. यांच्या हाताखाली मी पीएच.डी. करत होते आणि दुसरा बांबू माझ्या हातात असायचा. सांगायला लाज कसली?

नवख्या वऱ्हाडाला वाटायचं, इकडं अशी पद्धतच असेल. एकदा परभणीकडच्या वऱ्हाडानं सरांना मानाचा टॉवेल-टोपी केला. सरांनी टोपी घातली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि म्हणाले, “आभारी आहे. जरा बाजूला व्हा, बाईसाहेबांची वेळ झाली.” बाईसाहेब म्हणजे घोडी. सर घोडीला अहो-जाहो करायचे. मलाही करायचे, पण वर ‘बाळ’ पण म्हणायचे. “बाळ, तुम्ही तांब्या धुतला का?” असं एकाच वाक्यात.

वेळ झाली म्हणजे काय, तेही सांगते. वरातीची घोडी बँड वाजतोय तोवर मुतत नाही. मंडपाच्या दारात बँड थांबला, नवरदेव उतरला, एकदम शांत झालं की ती मागचे पाय फाकवते. हा शोध सरांचा स्वतःचा. त्या घडीला बांबू पुढं सरकवायचा आणि तांब्या बरोबर धरायचा. ‘मुतणं’ हा शब्द सरांनी कधी तोंडातून काढला नाही. ते म्हणायचे, “बाईसाहेबांनी नमुना दिला.” दिला नाही तर म्हणायचे, “आज मूड न्हाई.”

आता एवढा उपद्व्याप कशासाठी? तर सरांचा विषय होता सेक्स हार्मोन्सचं रसायन. आपल्या अंगात बाईपण आणि पुरुषपण चालवणारी जी द्रव्यं असतात, ती उकळली, ॲसिडात घातली, उन्हात ठेवली तर कशी वागतात, हे बघायचं. गाभण घोडीच्या मुतात बाईपणाची हार्मोन्स भरपूर उतरतात. ते मूत ॲसिडात उकळायचं, टोल्युइन, म्हणजे रॉकेलसारखं पाण्यावर तरंगणारं द्रव, घालून खळखळ हलवायचं, वर आलेलं टोल्युइन वेगळं काढायचं आणि त्याच्या खाली जाड सल्फ्युरिक ॲसिड सोडायचं. गरम करून थंड होऊ द्यायचं. नळीत दोन थर दिसतात, वर टोल्युइन आणि खाली ॲसिड. मंग अंधारात जांभळा दिवा धरायचा. हार्मोन असलं तर खालचा थर हिरवागार चमकतो. पद्धत फार जुनी, परदेशातली. ती आपल्या साध्या सामानात बसवायची आणि त्या हिरव्या रंगाचा पुढचा अभ्यास करायचा, हा सरांचा ध्यास. दिवा म्हणाल तर जुन्या जालन्यातल्या एका धान्याच्या अडतीवर खोट्या नोटा ओळखायला वापरायचे, तो होता. अडतवाल्यानं नवीन घेतल्यावर जुना सरांना दिला.

अडचण एवढीच होती, की हिरवं काही दिसत नव्हतं. कसं दिसणार? गाभण घोडी वरातीला कोण काढील? मी हे सरांना विचारलं होतं. ते म्हणाले, “मालकाला माहीत असलं तर न्हाई काढणार. पण मालकाला सगळंच माहीत असतं का, बाळ?” या एका आशेवर आम्ही वर्षानुवर्षं वराती पालथ्या घातल्या. तसं विकत आणलेलं शुद्ध हार्मोन एका बाटलीत होतं आणि ते बरोबर हिरवं चमकायचं. पण सरांना त्याचं कौतुक नव्हतं. “ते फोटोतलं जेवण,” म्हणायचे.

प्रत्येक वेळी खिडकीला काळा पडदा लावून आम्ही अंधार करायचो. सर दिवा धरायचे, वाकायचे, श्वास रोखायचे. मंग “न्हाई,” म्हणायचे आणि पडदा काढायचे. तो ‘न्हाई’ इतका बारीक आवाजात यायचा, की मला रडू यायचं, आणि रडू आलं की राग यायचा. सरांची निवृत्ती त्याच उन्हाळ्यात होती. ते गेले की ही खोली खेळाच्या सामानाला द्यायची, हे कॉलेजनं ठरवून टाकलं होतं. खेळाच्या सरांनी तर कॅरम बोर्ड आधीच आमच्या दाराबाहेर आणून टेकवले होते. एकदा, निदान एकदा तरी खऱ्या घोडीचं हिरवं बघायचं आणि मंगच या खोलीची चावी द्यायची, एवढंच त्या माणसाचं मागणं होतं. माझा प्रबंधही त्यावरच अडला होता, पण खरं सांगते, मला त्याच्यापेक्षा सरांचीच काळजी जास्त होती.

खोलीच्या दारावर सरांनी शुद्ध मराठीत पाटी लावली होती, ‘लैंगिक संप्रेरक प्रयोगशाळा’. त्या पाटीनं आमचा जीव नकोसा केला. रुमालानं तोंड झाकलेली माणसं दुपारच्या वेळी यायची आणि खालच्या आवाजात विचारायची, “डॉक्टरसाहेब, काही औषध मिळंल का?” सर त्यांना हाकलून द्यायचे नाहीत. स्टुलावर बसवायचे, फळ्यावर हार्मोनच्या चार कड्या काढायचे आणि तासभर शिकवायचे. माणूस जाताना बिचारा चक्कर आल्यासारखा जायचा. पण त्यातला एक जण परत आला, निव्वळ शिकायला. म्हणाला, “सर, त्या चौथ्या कडीचं राहून गेल्तं.”

सरांचा सगळ्यात लाडका सिद्धांत होता एका कार्बनचा. पुरुषाचं मुख्य हार्मोन आणि बाईचं मुख्य हार्मोन यांच्यात फरक फक्त एक कार्बन आणि चार हायड्रोजनचा. हे खरंच आहे, कुठल्याही पुस्तकात बघा. पण सर ते कुठंही काढायचे. आमच्या ग्रंथपालांचं बायकोशी वाजलं आणि ते डबा न आणता ऑफिसात फुगून बसले, तेव्हा सर त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले. म्हणाले, “एक कार्बन, चार हायड्रोजन. एवढ्यासाठी उपाशी बसता? घरी जा.” ग्रंथपाल खरंच घरी गेले. तिथं जाऊन त्यांनी बायकोला तेच ऐकवलं आणि भांडण दुप्पट झालं, ही गोष्ट वेगळी.

माझं गाव पिंपळगाव रेणुकाई. घरी मिरचीची शेती. माझा विषय काय, हे गावात कसं सांगायचं म्हणून आई सगळ्यांना सांगायची, “आमची पोरगी रंगाचं काम करते.” लोकांना वाटायचं साड्या रंगवते. मला बघायला पाहुणे आले त्या दिवशीही आईनं हेच सांगितलं. नेमके त्याच दिवशी सर आमच्या जवळच्या धावड्याला कुणाची तरी घोडी आहे म्हणून आल्ते. परत जाताना बस चुकली म्हणून बांबू-तांब्यासकट आमच्या दारात हजर. मुलाच्या मामानं विचारलं, “रंगाचं म्हंजे नेमकं काय करती मुलगी?”

“हे अर्धं सत्य आहे,” सर ओट्यावरून म्हणाले.

आई माझ्याकडं बघून डोळे मोठे करायला लागली. पण सरांना थांबवणं म्हणजे उतारावरचा ट्रॅक्टर थांबवणं. ते सरळ अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांपाशी बसले आणि लाल मिरच्या जोडून तीन षटकोन आणि एक पंचकोन मांडला. “ही झाली बाई,” म्हणाले. मंग कोपऱ्यात एक मिरची वाढवली. “हा झाला पुरुष. ही एक मिरची म्हणजे एक कार्बन. काय राहिलं मंग तुमचं पुरुषपण?” मंग नळीतले दोन थर आणि हिरवा रंगही सांगून टाकला. मामांचा चहा बशीतच राहिला. माझे वडील, बापू, उठून गोठ्यात गेले, ते पाहुणे जाईपर्यंत आलेच नाहीत. मुलगा मात्र मिरच्यांपाशी येऊन उकिडवा बसला. शाळेत गणित शिकवायचा. त्यानं विचारलं, “पण सर, हिरवं खालच्याच थरात का बघायचं? वरच्या का न्हाई?”

सरांचा चेहरा असा फुलला की बस्स. “वर कुणीबी चमकतं, बाळा. टोल्युइनात काहीही उतरतं, कचरा, रंग, औषधं. पण ॲसिडात उतरून जे हिरवं चमकतं ते खरं. नेहमी खालच्या थरात बघायचं.” मंग माझ्याकडं वळून सगळ्यांदेखत म्हणाले, “बाळ, हा मुलगा चालेल तुम्हाला.” त्यालाच मी पुढं होकार दिला. मामा मात्र अजून मला मिरची वाढत नाहीत.

आता मुख्य गोष्ट.

तुळशीचं लग्न झालं, वराती सुरू झाल्या आणि मी चार दिवस गावाकडं गेले. परत आले तर सर कॉलेजच्या फाटकातच पेढ्याचा पुडा घेऊन उभे. टाय पाठीवर गेल्ता. मला बघून ओरडले, “आलं! बाळ, हिरवं आलं!” रस्त्यावरचे ऑटो थांबले. त्यांनी सगळ्या कॉलेजला पेढे वाटले, खेळाच्या सरांना दोन दिले आणि मला तसंच ओढत जुन्या जालन्यात घेऊन गेले. कारण ज्या घोडीचं हिरवं आलं होतं तिच्या मालकाचं अभिनंदन करायचं होतं.

मालक म्हणजे आमचे घोडीवाले चाचा. त्यांची पांढरी घोडी शहजादी वरातीत सगळ्यात मागणीची. चाचा तिला खरारा करत होते. सरांनी त्यांच्या हातात पेढा ठेवला.

“मुबारक हो चाचा. शहजादीबाईसाहेब गाभण आहेत.”

चाचांचा हात हवेतच राहिला. “काय बोलून राह्यले सर? कोण गाभण?”

“ह्या.”

“ओ सर! तोंड सांभाळून बोला!” चाचा एकदम लालबुंद. “बच्ची होती तेव्हापासून माझ्या दावणीला हाय ती. कुण्या घोड्याच्या वाऱ्याला उभी न्हाई राह्यली कधी. आपली घोडी तसली न्हाई! गल्लीत इज्जत हाय आपली!”

“अहो, यात इज्जतीचं काय? हे रसायन आहे.”

“रसायन तुमच्या कॉलेजात! हितं खानदान हाय!”

आतून चाची भांडी घासता घासता म्हणाल्या, “पावसाळ्याच्या तोंडाला माझ्या भावाकडं ठेवायला धाडली होती ना तुम्ही? त्याच्या दारात तो काळा घोडा हाय.”

चाचांनी खरारा आपटला. “तुझा भाऊच तसला!”

मी म्हणलं, जनावरांच्या डॉक्टरांना दाखवू, म्हणजे एकदाचं कळंल. चाचांनी माझ्याकडं असं बघितलं, की मीच तो काळा घोडा. “डॉक्टरची गाडी दारात आली की झाली गल्लीभर बोंब. बिलकुल न्हाई.” आणि पेढा परत केला.

पण माणूस आतून मऊ. दुसऱ्या दिवसापासून शहजादी वरातीत दिसेना. पाय मुरगळला म्हणून चाचा सांगायचे. आठवड्यानं मी सहज डोकावले तर चाचा तिला गूळ चारत होते आणि चाची दारात बसून सेहऱ्यांच्या उरलेल्या जरीतून इवलीशी झूल शिवत होत्या. मला बघून त्यांनी ती पदराखाली घेतली.

मी प्रयोगशाळेत आले आणि सरांना म्हणलं, आता प्रबंधात लिहायचंय, तर एकदा माझ्यासमोर करून बघू. नमुना थोडा शिल्लक होता. सर खुशीत शीळ घालत बसले. मी उकळलं, हलवलं, ॲसिड सोडलं, पडदा लावला, दिवा धरला. हिरवं होतं. छान चमकत होतं.

“सर,” मी म्हणलं, “हे वरच्या थरात आहे.”

शीळ थांबली. सर उठून आले, वाकले. वरचा थर हिरवा आणि खालचा थर कुंकवासारखा लाल. एवढी वर्षं जगाला ‘खालच्या थरात बघा’ सांगणारा माणूस, आणि आयुष्यात पहिल्यांदा हिरवं दिसलं तेव्हा आनंदात ते वर आहे की खाली हेच बघायचं विसरला होता. मला हसूही येईना.

“हे काय असेल?” मी विचारलं.

सर खुर्चीत बसले. मंग हळूच म्हणाले, “हळद.”

झालं असं होतं. त्या वरातीत मंडपाच्या दारात बायकांनी घोडीच्या पायावर पाणी घातलं, हळद-कुंकू वाहिलं. मागं सर बांबू घेऊन उभे. कोट, टाय, हातात चकचकीत तांब्या. बायकांना वाटलं, हाही मानाचा कलशच असणार. त्यांनी तांब्याला हळद-कुंकू लावलं, आत चिमूटभर हळद टाकली आणि सरांना नमस्कार केला. सरांनी काय केलं? वाकून आशीर्वाद दिला! “त्यांनी इतक्या प्रेमानं केलं, बाळ, न्हाई कसं म्हणू?” म्हणाले. टोल्युइनात हळद हिरवी चमकते आणि ॲसिडात लाल होते, हे त्यांनीच मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. पेढे वाटून झाले होते, निवृत्ती तोंडावर आली होती. सरांनी कोट झटकला, टाय सरळ केला आणि म्हणाले, “मी एका इज्जतदार घोडीवर आळ घेतला. चला.” वाटेत ज्यांना ज्यांना पेढे दिले होते त्यांना थांबवून सांगत गेले, “ती हळद होती. माफ करा.” खेळाचे सर म्हणाले, “पेढा चांगला होता.”

चाचांसमोर सर हात जोडून उभे राहिले. “चाचा, मी चुकलो. बाईसाहेब गाभण आहेत असं मला म्हणता येत न्हाई.”

“म्हंजे न्हाई?”

“न्हाई असंबी न्हाई. माहीत न्हाई.”

चाचा उठून उभेच राहिले. “सर, मजाक लावला का? आधी म्हणलं हाय, मी तुमच्याशी भांडलो. मंग दिलाला समजावलं, मानून घेतलं. बायकोनं झूल शिवली. साल्याला फोन करून मुबारक दिलं, जो माणूस मला आवडत न्हाई त्याला! आन आता म्हणता माहीत न्हाई?” त्यांचा आवाज फाटला. “मला काही माहीत न्हाई. मला शिंगरू पायजे!”

आता दोन माणसांचा जीव एका तांब्यात अडकला. सर म्हणाले, स्वच्छ नमुना पाहिजे, आत्ता. तांब्या घासला, उकळत्या पाण्यानं धुतला, वर फडकं बांधलं. आणि शहजादी काही नमुना देईना. शीळ ऐकली की जनावर मोकळं होतं म्हणून चाचांनी शीळ घातली. सरांनी शीळ घातली, पण त्यांच्या पुढच्या दाताच्या फटीतून नुसती हवा गेली. मी ज्वारीतली पाखरं हाकलायची शीळ घातली, तर गल्लीतली सगळी कुत्री आली. घोडी आरामात कडबा खात राहिली. दुपार टळायला आली आणि सर एकदम कपाळावर हात मारून म्हणाले, “आपण मूर्ख आहोत. बँड कुठंय?”

चाचांच्या ओळखीचे बँडवाले तीन घरं सोडून राहायचे. ते लुंगीवर लाल कोट चढवून आले. ट्रम्पेट वाजला आणि शहजादीचे कान उभे राहिले. गल्ली गोळा झाली. कुणाचं लग्न आहे हे न विचारता दोन पोरं नाचायलाही लागली. एकानं घोडीवर बसायला पाय उचलला, तसे सर त्याच्यावर धावले, “बसायचं न्हाई! कुणीबी बसायचं न्हाई!” शेवटी तिच्या पाठीवर नुसता फेटा ठेवला. बँड चांगला रंगात आल्यावर सरांनी हात वर केला आणि बँड थांबला.

सगळी गल्ली चिडीचूप. चाचा डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. कोपऱ्यावर कुण्या दुचाकीनं हॉर्न दिला, त्याला बँडवाल्यानंच शिवी दिली. आणि मंग शहजादीनं शांतपणे मागचे पाय फाकवले. सरांचा बांबू सरकला. तांब्या भरला तशा गल्लीनं टाळ्या वाजवल्या. समोरच्या घरातल्या एक मावशी सवयीनं हळद-कुंकवाचा करंडा घेऊन धावत आल्या. घोडीलाही अहो-जाहो करणारे आमचे सर बेंबीच्या देठापासून ओरडले, “हळद न्हाई!” मावशी जागच्या जागी थिजल्या.

प्रयोगशाळेत चाचाही आले. उकळताना वास सुटला तसं त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, “सर, हे तुम्ही रोज करता?” पडदा लावला. सरांनी दिवा धरला, पण वाकले नाहीत. “बाळ, तुम्ही बघा,” म्हणाले. “माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा न्हाई राह्यला.”

मी वाकले. वरचा थर पाण्यासारखा स्वच्छ. आणि खाली... ओल्या शेवाळासारखं, कोवळ्या मिरचीसारखं हिरवंगार.

“खाली,” मी म्हणलं.

चाचांनी सरांना कडकडून मिठी मारली. मला वाटलं आता सर ओरडतील, पेढे आणतील. पण ते नळीकडं बघत म्हणाले, “पेढे आत्ता न्हाई. बाईसाहेब व्याल्यावर हे हिरवं गेलं पायजे. तेव्हा हे त्या शिंगराचं होतं असं म्हणता येईल. एकदा फसलोय, आता पुरतं बघणार.” चाचा म्हणाले, “सर, किती शक करता हो तुम्ही!” पण स्वतः जाऊन डॉक्टरांना घेऊन आले, तेही दिवसाढवळ्या, मुद्दाम गल्लीतून मिरवत. डॉक्टरांनीही गाभणच सांगितलं.

माझं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. शहजादी रजेवर म्हणून नवरदेव सरांच्या स्कूटरवर आला. स्कूटरला शहजादीचाच सेहरा बांधला होता. सर आपल्या लग्नाला आलेत याचा आनंद मी मानणार, तर बघते काय, स्कूटरच्या मागं सर, हातात बांबू, टोकाला तांब्या. मी म्हणलं, “सर, आज कशाला?” ते दचकून तांब्याकडं बघत म्हणाले, “अरे हो. सवय.” माझ्या नवऱ्यानं त्यात अक्षता टाकल्या.

शिंगरू झालं ते सरांच्या निवृत्तीच्या जरासं आधी. काळंभोर, बापावर गेलेलं. सगळी गल्ली बघायला लोटली. चाचीनं झूल घातली तर ती शेपटाकडून घसरायला लागली. चाचांचा साला छाती काढून उभा होता आणि चाचा त्याला स्वतःच्या हातानं मिठाई भरवत होते. सर मात्र शिंगराकडं एक नजर टाकून घोडीच्या मागं जाऊन उभे राहिले. “लगेच न्हाई जायचं,” मला म्हणाले, “थोडे दिवस जाऊ द्या, मंग घेऊ.”

शेवटचा नमुना आम्ही सरांच्या कामाच्या शेवटच्या दिवशी तपासला. सकाळी निरोप समारंभ झाला होता, गळ्यात हार तसाच होता. दाराबाहेर कॅरम बोर्ड आणि चावीसाठी थांबलेले खेळाचे सर. आत अर्धी कपाटं रिकामी. मी पडदा लावला. या वेळी सर स्वतः वाकले. आधी वर बघितलं. मंग खाली बघितलं. मंग मला बघायला लावलं. वर काही नाही. खालीही काही नाही. नुसता काळोख.

तोच शब्द होता, जो मी त्या खोलीत इतकी वर्षं रडू येईल अशा आवाजात ऐकत आल्ते.

“न्हाई!” सर ओरडले. “बाळ, न्हाई! हिरवं न्हाई!”

त्यांनी पडदा ओढून काढला, दार उघडलं आणि हारासकट, कोटासकट, पावसाळी चपला फटाफट वाजवत व्हरांड्यात नाचायला लागले. वरातीमागं एवढी वर्षं चालले, पण त्यांना नाचताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. अजिबात येत नव्हतं त्यांना. खेळाचे सर घाबरून मला विचारायला लागले, “काय झालं? काय सापडलं?”

“काहीच न्हाई,” मी म्हणलं आणि मीपण नाचायला गेले.